शेजाऱ्याशी सामना

(जरीपटका, नागपूर येथे एका क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी उभे आयुष्य मैदानावर काढले. तेव्हा विषय मैदानाचाच घेतला पाहिजे, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. कोणत्या संघाने कोणाशी खेळायचे, हे कोण ठरवते? आणि एकदा ते ठरले, की खेळणाऱ्या पोरांचे आणि बघणाऱ्या गावाचे काय होते? संघांचे गट, विभाग, पात्रता या गोष्टी कागदावर कंटाळवाण्या वाटतात. पण विदर्भाच्या क्रिकेटचे साठ-सत्तर वर्षांचे नशीब त्यांनीच घडवले आहे.

सिंधहून आलेल्यांच्या या जरीपटक्यात बोलतो आहे, म्हणून सुरुवात सिंधपासून करतो. 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. भारताच्या डावाची सुरुवात करायला दोघे उतरले, एक जनार्दन नवले आणि दुसरे कराचीचे नाऊमल जाऊमल. म्हणजे भारताच्या कसोटी इतिहासातली पहिली सलामीची जोडी एक मराठी आणि एक सिंधी अशी होती. कर्णधार होते सी. के. नायडू, जन्म नागपूरचा, 1895 सालचा. या वस्तीतल्या मुलांना ही तीन नावे एकत्र पाठ असायला हवीत असे मला मनापासून वाटते.

दोन वर्षांनी, 1934-35 मध्ये रणजी करंडक सुरू झाला आणि सिंधचा संघ पश्चिम विभागात आला. मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, वेस्टर्न इंडिया हे त्याचे सोबती. फाळणी झाली आणि सिंध या यादीतून कायमचा गेला. माणसे निघाली, काही मुंबईकडे, काही उल्हासनगरला, काही इथे कामठी रोडच्या कडेला येऊन वसली. घर गेले, दुकान गेले, शेत गेले, हे आपण नेहमी बोलतो. त्यांच्या प्रांताचा संघही गेला, आणि त्याच्याबरोबर मुंबईला हरवण्याची त्यांची हक्काची संधीही गेली, हे मात्र कोणी बोलत नाही. इथे आल्यावर त्यांच्या नातवंडांनी विदर्भाला आपला संघ मानले.

तो विदर्भाचा संघ मध्य विभागात का, हा प्रश्न मला तरुण मुले नेहमी विचारतात. राज्य महाराष्ट्र, भाषा मराठी, मग क्रिकेटमध्ये आपण मुंबई-पुण्याबरोबर पश्चिम विभागात का नाही? याचे उत्तर जुन्या नकाशात आहे. रणजी सुरू झाला तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि त्याच नावाचा संघ खेळत असे. 1952-53 मध्ये मध्य विभाग निघाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना होऊन विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. राज्य बदलले, पण क्रिकेटचा शेजार तोच राहिला. 1957-58 पासून विदर्भ स्वतःच्या नावाने रणजी खेळू लागला तो मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान यांच्याबरोबर. पुढच्या मोसमात रेल्वेही आली.

नकाशा समोर ठेवून पाहा. सावनेर ओलांडले की थोड्याच वेळात सौंसर येते, पलीकडे पांढुर्णा. राज्य दुसरे, पण बाजारात बोली आपली, बगीच्यात संत्री आपलीच. मुंबई इथून आठशे किलोमीटरच्या पलीकडे. मध्य प्रदेश आपला शेजारी आहे ही गोष्ट कोणा समितीने ठरवलेली नाही. नायडूंचेच घ्या. नागपुरात शिकलेला हा माणूस होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून 1923 मध्ये इंदूरला गेला आणि त्यांच्या होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरचा मुलगा आणि इंदूरचा करंडक, असे ते नाते होते.

आता या व्यवस्थेने आपल्याला काय दिले ते पाहू. 1957-58 पासून 2001-02 पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस मोसम, विभागातले संघ दरवर्षी एकमेकांशी साखळी सामने खेळत. यंदा इंदूर किंवा ग्वाल्हेर, पुढच्या साली ते आपल्याकडे. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर लोक डबे घेऊन येत, आणि समोरच्या संघातला प्रत्येक गोलंदाज त्यांना नावाने माहीत असे, कारण तो दोन वर्षांपूर्वीही इथेच येऊन गेलेला असे. चुरस अशीच तयार होते. एका सामन्याचा राग दुसऱ्या सामन्यापर्यंत जपून ठेवता आला पाहिजे, आणि तो दुसरा सामना होणार याची खात्री पाहिजे.

पण याच व्यवस्थेने आपल्याला दाबूनही ठेवले, आणि हे मी तितक्याच स्पष्टपणे सांगणार आहे. सुरुवातीला विभागातून एकच संघ पुढे जाई. 1970-71 पासून दोन, 1992-93 पासून तीन. आपल्या विभागात राजस्थान होता. साठच्या दशकात राजस्थानच्या संघात सलीम दुराणी, हनुमंत सिंग, विनू मंकड, विजय मांजरेकर अशी माणसे खेळली. तो संघ अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा पोचला आणि पुन्हा पुन्हा मुंबईकडून हरला. अशा संघाला मागे टाकल्याशिवाय विदर्भाला विभागाबाहेरचे जगच दिसत नव्हते. चांगला खेळाडू तयार झाला तरी त्याला मद्रासच्या किंवा दिल्लीच्या गोलंदाजीपुढे उभे राहायची संधी क्वचित मिळे. निवड समितीच्या नजरेत तो यायचा कसा? आपला एकही खेळाडू नोव्हेंबर 2011 पर्यंत कसोटी खेळला नाही, याचे एक कारण माझ्या मते इथे आहे. सगळे कारण नाही. पैसा कमी होता, चांगल्या खेळपट्ट्या कमी होत्या, मुलांना नोकऱ्या हव्या होत्या. पण बंद विभाग हे मोठे कारण होते.

2002-03 मध्ये विभागांची पद्धत मोडली. एलिट आणि प्लेट असे दोन थर आले, म्हणजे भूगोलाऐवजी ताकदीने गट पडू लागले. आपण बरीच वर्षे खालच्या थरात काढली. पण खालच्या थराला शिडी होती, आणि 2008-09 पासून तिथल्या सर्वोत्तम संघांना त्याच मोसमात बाद फेरी खेळता येऊ लागली. 2010-11 मध्ये राजस्थान त्या शिडीने चढून थेट विजेता झाला, तेव्हा प्रत्येक लहान संघटनेला कळले की हे होऊ शकते. त्याच काळात, नोव्हेंबर 2008 मध्ये, खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला एक मुलगा विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला. टेनिस चेंडूवर शिकलेला, लेदरचा चेंडू उशिरा हातात आलेला. समोर मध्य प्रदेश होता. तीनच वर्षांनी उमेश यादव दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला.

मग आला 2017-18 चा मोसम. आपल्या गटात बंगाल, पंजाब, हिमाचल, गोवा, सेनादल आणि छत्तीसगड. जुन्या मध्य विभागातला एकही सोबती नाही. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, मुंबईहून आलेला वसीम जाफर संघात. कोलकात्याला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकला आपण अवघ्या पाच धावांनी हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा गडी बाद केले. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला थोडक्या धावा हव्या होत्या आणि हा सिव्हिल इंजिनिअर मुलगा धावत येऊन यष्ट्यांच्या रेषेत चेंडू टाकतच राहिला. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. आणि कुठे? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो राखलाही.

तेव्हा मी विभाग मोडल्याबद्दल रडगाणे गाणार नाही. ते मोडले म्हणून आपण वर आलो. परंतु जे गेले तेही खरोखर गेले आहे. 2024-25 चा मोसम पाहा. विदर्भ ब गटात, सोबत राजस्थान, गुजरात, हिमाचल, आंध्र, हैदराबाद, पुदुच्चेरी, उत्तराखंड. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश क गटात. रेल्वे ड गटात, आणि मुंबई-महाराष्ट्र दोन्ही अ गटात. म्हणजे मुंबई आणि महाराष्ट्र यांची गाठ पडते, आणि आपली ना जुन्या शेजाऱ्याशी, ना राज्यातल्या भावंडांशी. बाद फेरीत योग आला तरच.

असा योग मार्च 2024 मध्ये आला. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर उपांत्य सामना, विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशाच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत चंद्रकांत पंडित, ज्यांनी आपल्याला दोनदा विजेते केले आणि नंतर 2021-22 मध्ये मध्य प्रदेशालाही केले. पहिल्या डावात आपण मागे पडलो. दुसऱ्या डावात यश राठोडने 141 काढल्या आणि आपण 62 धावांनी जिंकलो. त्या दिवशी जामठ्याच्या पायऱ्यांवर जी गरमागरमी होती ती परक्या संघाविरुद्ध येत नाही. पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ शेजारच्या पोराला तावातावाने सांगत होते की यांनी आम्हाला इंदुरात किती छळले आहे! त्या पोराला यातले काहीच माहीत नव्हते, कारण त्याच्या हयातीत हा सामना दरवर्षीचा नव्हताच.

अंतिम फेरीत आपण वानखेडेवर मुंबईकडून हरलो. 538 चे लक्ष्य होते. अक्षय वाडकरने शतक झळकावले आणि 368 पर्यंत झुंज दिली. पुढच्याच फेब्रुवारीत तीच मुंबई जामठ्याला उपांत्य सामन्याला आली. डावखुरा फिरकीपटू पार्थ रेखडे याने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे या तिघांना तंबूत पाठवले. आपण 80 धावांनी जिंकलो आणि पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक मिळवला. विदर्भ-मुंबई ही आता खरी चुरस झाली आहे ती लागोपाठ दोन वर्षे गाठ पडली म्हणून. तिसऱ्या वर्षी पडली नाही, तर ती थंड होणार.

मग काही जण म्हणतात, विदर्भाने वेगळे राहावेच कशाला? महाराष्ट्राचा एकच संघ करा. हा नुसता कट्ट्यावरचा वाद नाही. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी 2016 मध्ये 'एक राज्य, एक मत' अशी शिफारस केली आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. संघ खेळत राहणार होते, पण मंडळातले मत मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ यांनी पाळीपाळीने वापरायचे, असा त्याचा अर्थ. गुजरात, बडोदा, सौराष्ट्र यांचेही तेच. आपण पहिला करंडक जिंकलो तो या अनिश्चित काळातच. शेवटी 9 ऑगस्ट 2018 रोजी न्यायालयाने आपला निर्णय बदलला आणि या जुन्या संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत दिले.

माझे मत स्पष्ट आहे. विदर्भ वेगळाच राहिला पाहिजे. एका राज्यसंघात पंधरा जागा असतात. त्यांच्यासाठी पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर यांच्या मुलांशी चंद्रपूर, यवतमाळ आणि अकोल्याच्या मुलांनी झगडायचे, तेही निवड चाचणीसाठी रात्रभर गाडीने प्रवास करून. वलनीचा तो मुलगा अशा चाचणीपर्यंत पोचला असता का? दानिश मालेवारने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 153 काढल्या, हर्ष दुबेने त्या मोसमात 69 गडी बाद करून रणजीचा विक्रम केला. हे त्यांच्या गुणाचे आहेच. आपल्या घरचा संघ होता म्हणून तो गुण वेळेवर दिसला, हेही तितकेच खरे.

गोंधळ मात्र बराच आहे, आणि तो मुलांच्या वाट्याला येतो. नागपूरच्या कॉलेजातला मुलगा विद्यापीठाकडून खेळला की पश्चिम विभागात जातो, मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांबरोबर. तोच मुलगा विदर्भाकडून विभागांच्या संघांत होणाऱ्या दुलीप करंडकासाठी निवडला गेला की मध्य विभागाचा होतो. सप्टेंबर 2025 मध्ये मध्य विभागाने दुलीप करंडक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात 194 धावा काढणारा यश राठोड आपलाच, आणि कर्णधार होता मध्य प्रदेशाचा रजत पाटीदार. कामठीचा फुटबॉलपटू राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळतो. कबड्डीत विदर्भाचा वेगळा संघ असतो. एकाच गल्लीतल्या तीन भावांनी तीन खेळ धरले, तर तिघांच्या छातीवर एकच नाव येत नाही.

कॉलेजांकडे वळतो, कारण सरांचे सगळे काम तिथे होते. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये निघाले तेव्हा त्याचा घेर सगळा मध्यप्रांत-वऱ्हाड होता. हिस्लॉप आणि मॉरिस या नागपुरातल्या कॉलेजांची जुनी स्पर्धा होतीच. त्यांना अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, आणि जबलपूरची कॉलेजे अशी बाहेरची आव्हाने होती. 1946 मध्ये सागर विद्यापीठ आणि 1956 मध्ये जबलपूर विद्यापीठ निघाले, घेर आकसला. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि वऱ्हाड, यवतमाळसह, गेले. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. आता उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया.

मी अमरावती वेगळी होण्याआधीचा विद्यार्थी. अमरावतीचा फुटबॉल संघ एसटीने यायचा आणि आमच्याच वर्गखोल्यांत सतरंज्यांवर झोपायचा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात घडलेली पोरे त्यात असायची. 1914 पासूनची ती संस्था, जिच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले. नव्वद मिनिटे धावून त्यांचा श्वास लागत नसे, आणि आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत हमखास गोल खायचो. सामना संपल्यावर रेफ्रीवरून भांडण, मग तर्री-पोहे, आणि रात्री त्याच सतरंजीवर बसून पुढच्या वर्षाच्या धमक्या. सर म्हणायचे, अमरावतीने हरवल्याशिवाय नागपूरचे पोरगे सराव करत नाही.

विद्यापीठ वेगळे झाले यात वऱ्हाडचे भलेच झाले. एकाऐवजी दोन विद्यापीठ संघ झाले, कलर होल्डर होणाऱ्या मुलांची संख्या वाढली, अकोल्या-बुलढाण्याच्या मुलांना नागपूरच्या निवड समितीकडे डोळे लावायची गरज राहिली नाही. पण वेगळे होताना हा दरवर्षीचा सामना कोणीच कागदावर टिकवून ठेवला नाही. आता नागपूर आणि अमरावती भेटलीच तर पश्चिम विभागाच्या ड्रॉमध्ये, गुजरात-राजस्थानातल्या कुठल्या तरी मैदानावर, जिथे बघायला दोन्हीकडचे कोणी नाही.

हे दुःख आपल्यापुरते नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हा फार मोठा खेळ. तिथे विद्यापीठांचे कायमचे गट असतात; गटातले संघ दरवर्षी आपसात खेळतात आणि टीव्हीचे पैसे वाटून घेतात. गेल्या काही वर्षांत मोठ्या टीव्ही करारांपायी संघांनी भराभर गट बदलले. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शंभरहून अधिक वर्षांच्या जुन्या गटातून 2024 मध्ये बारापैकी दहा संघ निघून गेले, उरले दोन. स्टॅनफर्ड पॅसिफिककाठचे, पण त्याचा गट आता अटलांटिकचा. ओक्लाहोमा राज्यातली दोन विद्यापीठे, दीडशे किलोमीटरच्या आतली, 1904 पासूनची प्रतिस्पर्धी. त्यातल्या एकाने गट सोडला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांची दरवर्षीची लढत थांबली.

पण तिथलीच दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम या दोन विद्यापीठांचा सामना 1894 पासूनचा. ए अँड एमने गट बदलला आणि 2011 नंतर तो बंद पडला. तेरा वर्षे एकाच राज्यातले हे दोन संघ नियमित मोसमात एकमेकांसमोर आले नाहीत. मग टेक्सस त्याच गटात आले आणि 30 नोव्हेंबर 2024 रोजी सामना पुन्हा झाला. मधल्या काळात ज्यांनी कॉलेजात प्रवेश घेतला आणि पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता, तरी मैदान खच्चून भरले. तुटलेली चुरस जोडता येते. मात्र ती आठवणारी माणसे हयात असताना जोडावी लागते.

म्हणून माझे म्हणणे दोन मागण्यांपुरते आहे. पहिली विदर्भ क्रिकेट संघटनेकडे. रणजीचे गट ताकदीनेच पडू द्यावेत, तिथे भूगोल घुसवू नये. परंतु मोसम सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीस, विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचा चार दिवसांचा सामना ठरावा, एक साल नागपूर, एक साल इंदूर. सराव सामने तसेही दोन्ही संघ खेळतातच. त्यातला एक कायमचा आणि नाव असलेला करायचा आहे. नाव कोणाचे द्यायचे हे सांगायची गरज नाही, नागपूरला जन्मून इंदूरला मोठा झालेला माणूस एकच. सामना सिव्हिल लाइन्सला व्हावा. जामठ्याला पोचायला गाडी लागते. सिव्हिल लाइन्सला शाळेतले पोर सायकलने जाते.

दुसरी मागणी इथे बसलेल्या प्राचार्यांकडे आणि माजी विद्यार्थी संघांकडे आहे. विद्यापीठांच्या परवानगीची वाट पाहत बसलो तर पाच वर्षे फाइलमध्ये जातील. निमंत्रितांचा सामना घ्यायला कोणाची हरकत नसते. हिस्लॉपने विदर्भ महाविद्यालयाला बोलवावे, फुटबॉलसाठी, जानेवारीच्या एका शनिवार-रविवारी. पुढच्या साली हिस्लॉपने अमरावतीला जावे. जमले तर तिसऱ्या साली चंद्रपूर आणि जबलपूर यांनाही बोलवावे. हॉटेलची गरज नाही, वर्गखोल्या आहेत आणि सतरंज्या अजून मिळतात. रेफ्री मात्र तिसऱ्या गावचा आणा, एवढे अनुभवाने सांगतो. खर्चाचा आकडा काढून ठेवला आहे आणि तो एका छोट्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाइतकाही नाही. व्याख्यानानंतर संयोजकांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्या कॉलेजांची तयारी असेल त्यांनी नाव आणि सोयीची तारीख त्यात लिहावी.